पासवर्ड न विचारता आत: क्लस्टरवरच्या लॉगिनचा इतिहास

विद्यापीठाच्या क्लस्टरवर नवीन खातं मिळालं की सोबत बहुधा सूचनांचं एक पान येतं. त्यात लॉगिनबद्दल साधारण तीन ओळी असतात. पहिली: एसएसएच-कीजेन ही कमांड चालवा. दुसरी: पासफ्रेज विचारला तर काही न लिहिता एंटर दाबा. तिसरी: तयार झालेली पब्लिक की तुमच्याच ऑथराइज्ड-कीज या फाइलमध्ये टाका. झालं! आता एका नोडवरून दुसऱ्या नोडवर पासवर्ड न देता जाता येतं. बहुतेक जण या ओळी टाइप करतात आणि आपापल्या कामाला लागतात. ते बरोबरच आहे म्हणा. कुणाची पीएचडी प्रथिनांच्या घड्यांवर असते, कुणाची मान्सूनवर, एसएसएचवर नसते.

माझा विषय मात्र याच तीन ओळींपाशी येऊन थांबतो. अनेकांनी मिळून वापरायच्या संगणकांवर "हा माणूस आपला" हे यंत्रानं कसं ओळखायचं, याचा इतिहास मी अभ्यासते आहे. त्या इतिहासाच्या चष्म्यातून पाहिलं तर दुसरी ओळ फार विचित्र वाटते. एकीकडे जगातलं उत्तम एन्क्रिप्शन वापरायचं आणि दुसरीकडे त्याची किल्ली बिनकुलपाची, उघडी ठेवायची. असं का? हा कुणा एका सिस्टिम ॲडमिनचा आळस नाही. त्यामागे चाळीसेक वर्षांची गोष्ट आहे, आणि ती आजच्या घडीलाही संपलेली नाही.

आधी क्लस्टर म्हणजे काय ते पाहू

क्लस्टर म्हणजे एकमेकांना जोडलेले बरेच संगणक. त्यातल्या प्रत्येकाला नोड म्हणतात. बाहेरून आपण येतो ते लॉगिन नोडवर. खरी आकडेमोड होते ती आतल्या कंप्यूट नोड्सवर, ज्यांना बाहेरचं जग सहसा दिसत नाही. आणि एक गोष्ट महत्त्वाची: आपली होम डिरेक्टरी सगळ्या नोड्सना सामायिक असते. म्हणजे एका नोडवर ठेवलेली फाइल चाळीसही नोड्सवर दिसते.

आता समजा तुमचा प्रोग्राम एकाच वेळी चाळीस नोड्सवर चालवायचा आहे. कुणीतरी प्रत्येक नोडवर जाऊन त्याचा एकेक तुकडा सुरू करायला हवा. ते काम एमपीआयसारखं सॉफ्टवेअर तुमच्या वतीनं करतं. पण तुमच्या वतीनं आत शिरायचं तर प्रत्येक नोड विचारणार, "कोण?" रात्री दोन वाजता रांगेतून तुमचा जॉब सुरू झाला, तर चाळीस वेळा पासवर्ड टाइप करायला तुम्ही तिथे नसता. म्हणजे क्लस्टरला पासवर्डशिवाय प्रवेश हवाच. ती चैन नाही, त्याशिवाय क्लस्टर चालतच नाही. या एका गरजेभोवती पुढचा सगळा इतिहास फिरतो.

पहिला संदेश: "लॉगिन"

दूरच्या संगणकात शिरणं ही इंटरनेटची अगदी पहिली कामगिरी. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्यानं अर्पानेटवरून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संगणकावर "लॉगिन" हा शब्द पाठवायला घेतला. पलीकडे बिल डुव्हॉल फोनवर होते. "एल" पोचला, "ओ" पोचला, आणि पुढच्या अक्षराला पलीकडचा संगणक कोलमडला. साधारण तासाभरानं दुरुस्ती झाल्यावर पूर्ण लॉगिन झालं.

पुढे या कामासाठी टेलनेट आलं. त्याचं प्रमाणित रूप मे १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं. टेलनेटमध्ये तुम्ही जे टाइप करता ते जसंच्या तसं तारेवरून जातं, पासवर्डसकट. आज हे ऐकून धक्का बसेल, पण तेव्हाचं जाळं म्हणजे मोजक्या प्रयोगशाळांचं. तारेवर कान लावून बसणारं कोणी असेल, ही शंकाच कुणाला फारशी आली नाही.

बर्कलेचा वाडा

त्याच १९८३ मध्ये बर्कलेच्या युनिक्सची ४.२ ही आवृत्ती आली. तिच्यात आरलॉगिन आणि आरएसएच अशा कमांड होत्या. "आर" म्हणजे रिमोट. इथे पासवर्ड टाळायची सोय पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर लोकांच्या हाती आली. आपल्या होम डिरेक्टरीत डॉट-आरहोस्ट्स नावाची फाइल करायची आणि तिच्यात लिहायचं: अमुक संगणकावरचा अमुक वापरकर्ता आला तर त्याला विचारू नका, आत घ्या. संपूर्ण यंत्रासाठी अशीच एक फाइल ॲडमिनकडे असे.

जुन्या वाड्याची रचना आठवा. दिंडी दरवाजाला भक्कम अडसर, पण आत एकदा आलात की खोल्यांना कड्या नाहीत. आत आलेला माणूस घरचाच, असं गृहीत धरलेलं. आरएसएचचं गणित अगदी असंच होतं.

पण आलेला माणूस खरंच त्या संगणकावरून आलाय हे कसं ओळखायचं? दोन आधार होते. एक, त्याचा नेटवर्कवरचा पत्ता. दोन, तो १०२४ पेक्षा लहान क्रमांकाच्या पोर्टवरून आलाय का. युनिक्सवर असे पोर्ट फक्त रूट म्हणजे मुख्य ॲडमिनच उघडू शकतो. म्हणून समजूत अशी की लहान पोर्टवरून बोलणारा प्रोग्राम ॲडमिननं बसवलेला, म्हणजे विश्वासाचा.

एकेका विभागात एखाददुसरा मोठा संगणक आणि त्याला एक ओळखीचा ॲडमिन, या जगात ही समजूत चालून गेली. पण त्याच दशकात प्रत्येकाच्या टेबलावर पीसी येऊ लागला. आपल्या पीसीवर प्रत्येक जण स्वतःच रूट! त्याला हवा तो पोर्ट उघडता येतो, हवा तो पत्ता लावता येतो. कमांड बदलल्या नाहीत, भोवतालचं जग बदललं, आणि पायाखालची समजूत निसटली.

ज्यानं इशारा दिला त्यानंच…

हा पत्त्यावरचा विश्वास किती पोकळ आहे, हे फेब्रुवारी १९८५ मध्येच लिहिलं गेलं होतं. बेल लॅब्समध्ये असताना रॉबर्ट टी. मॉरिस या तरुणानं एक टिपण लिहिलं. बर्कले युनिक्समध्ये प्रत्येक नव्या जोडणीला मिळणारा सुरुवातीचा क्रमांक आधीच ओळखता येतो, त्यामुळे दुसऱ्या विश्वासू संगणकाचं सोंग घेऊन आरएसएचमधून आज्ञा सोडता येते, असं त्यानं दाखवलं. चार वर्षांनी, १९८९ मध्ये, स्टीव्हन बेलोविन यांनीही अशा त्रुटींचा सविस्तर आढावा घेतला.

मधल्या काळात, २ नोव्हेंबर १९८८ ला, इंटरनेटवर एक किडा सुटला. ईमेल पाठवणाऱ्या आणि फिंगर नावाच्या सेवेतल्या त्रुटी तर त्यानं वापरल्याच, पण एका यंत्रात शिरला की तिथल्या विश्वासाच्या याद्या वाचून आरएसएचनं पुढच्या यंत्रात जायचं, हाही त्याचा एक मार्ग होता. म्हणजे सोयीसाठी लिहिलेली यादी हाच त्याचा नकाशा! सुमारे सहा हजार यंत्रांना लागण झाली असा अंदाज तेव्हापासून सांगितला जातो. किडा सोडणारा होता तोच रॉबर्ट टी. मॉरिस, आता कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी. १९९० मध्ये त्याला तीन वर्षांची प्रोबेशन, ४०० तासांची समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा झाली.

१९८५ च्या टिपणात सांगितलेली युक्ती प्रत्यक्षात गाजली ती २५ डिसेंबर १९९४ ला. सॅन दिएगो सुपरकॉम्प्युटर सेंटरमध्ये काम करणारे शास्त्रज्ञ त्सुतोमू शिमोमुरा यांच्या संगणकांवर हल्ला झाला. आधी विश्वासू सर्व्हरवर खोट्या विनंत्यांचा मारा करून त्याचं तोंड बंद केलं, मग जोडणीचे क्रमांक ओळखून त्याचंच सोंग घेतलं, आणि आरएसएचमधून एक आज्ञा सोडली: डॉट-आरहोस्ट्समध्ये दोन अधिक चिन्हं लिहा. या दोन चिन्हांचा अर्थ होतो "कोणत्याही संगणकावरचा कोणीही". वाड्याचा दिंडी दरवाजाच बिजागरीतून काढून ठेवल्यासारखं. या हल्ल्याशी केविन मिटनिक याचं नाव जोडलं गेलं आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये त्याला अटक झाली.

हेलसिंकीचा वसंत

दुसरा धोका तारेवर कान लावणाऱ्यांचा. तेव्हाच्या इथरनेटमध्ये एका तारेवरचे सगळे संगणक सगळ्यांचं बोलणं ऐकू शकत. फक्त आपल्या नावाचं तेवढं घ्यायचं, हा शिष्टाचार होता, सक्ती नव्हे. ३ फेब्रुवारी १९९४ ला अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेनं (मॉरिसच्या किड्यानंतरच स्थापन झालेली) इशारा दिला की नेटवर्कवर कान लावून हजारोंच्या संख्येनं पासवर्ड चोरले जात आहेत.

१९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवरही असाच प्रकार सापडला. तिथल्या तातू यलॅनेन या संशोधकानं त्यावर स्वतःच उपाय लिहायला घेतला. काही महिन्यांत, जुलै १९९५ मध्ये, त्यानं तो सोर्स कोडसकट सर्वांना मोफत दिला. नाव ठेवलं सिक्युअर शेल, म्हणजे एसएसएच. नावातच कळतं की डोळ्यांसमोर आरएसएच होतं: तेच काम, त्याच सवयी, फक्त सुरक्षित. वर्षअखेरीला पन्नासेक देशांत सुमारे वीस हजार लोक ते वापरत होते.

पोर्टच्या क्रमांकाची गंमतही सांगण्यासारखी आहे. एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३. एसएसएच या दोघांची जागा घेणार होतं, आणि मधला २२ रिकामा होता. यलॅनेननं क्रमांक देणाऱ्या संस्थेला ईमेल केली आणि २२ मिळाला. आजही तोच आहे.

एसएसएचनं नेमकं काय बदललं? तीन गोष्टी. एक, सगळं बोलणं एन्क्रिप्ट झालं. दोन, यंत्राची ओळख पत्त्यावरून न होता त्याच्या स्वतःच्या होस्ट की वरून होऊ लागली. पहिल्यांदा जाताना "या यंत्राचा ठसा असा असा आहे, पुढे जाऊ?" असं विचारतात ना, ते यासाठी. तीन, माणसाला पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येऊ लागली. पब्लिक की आणि प्रायव्हेट की ही नावं जरा फसवी आहेत. पब्लिक की म्हणजे खरं तर कुलूप समजा. ते कुठेही, कितीही दारांना लावा. ते उघडणारी किल्ली, म्हणजे प्रायव्हेट की, फक्त तुमच्याकडे. ती तारेवरून कधी जातच नाही. ती आपल्याकडे आहे एवढंच तुम्ही पलीकडे सिद्ध करता.

मात्र एक तपशील इथे नोंदवून ठेवा. एसएसएचच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी डॉट-आरहोस्ट्सची पद्धत टाकून दिली नाही. तिला होस्ट की च्या तपासणीची जोड दिली आणि ती चालू ठेवली. लोकांना पासवर्डशिवाय जायची सवय झाली होती. ती मोडायला सांगितली असती तर एसएसएच वापरलं कोणी असतं?

दुसरीकडे क्लस्टर जन्माला येत होता

हे सगळं चालू असतानाच, १९९४ मध्ये, नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साधे पीसी इथरनेटनं जोडले, त्यांच्यावर लिनक्स घातलं आणि त्याला नाव दिलं बेवुल्फ. महागड्या सुपरकॉम्प्युटरचं काम बाजारातल्या सुट्या भागांवर! एमपीआयचं पहिलं प्रमाणही त्याच वर्षी आलं. पुढच्या काही वर्षांत विद्यापीठांमधून असे क्लस्टर उभे राहू लागले.

आपल्याकडेही साधारण हाच प्रवास झाला. पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये उभारलेला परम ८००० ट्रान्सप्यूटर नावाच्या खास चिपांवर चालायचा. १९९८ च्या परम १०००० पर्यंत येता येता रचना बदलली: सन कंपनीचे युनिक्स सर्व्हर नोड म्हणून वेगवान जाळ्यानं जोडलेले. एकच मोठं यंत्र जाऊन नोड्सचा समूह आला, की "नोड नोडला कसा ओळखणार" हा प्रश्न आपोआप दारात उभा राहतो.

मग या नव्या क्लस्टर्सच्या आत काय वापरलं? तेच, आरएसएच! पीव्हीएम आणि एमपीआयची तेव्हाची प्रचलित रूपं दुसऱ्या नोडवर प्रोग्राम सुरू करायला आरएसएचवरच अवलंबून होती. युक्तिवाद असा: आतलं जाळं खासगी आहे, बाहेर फक्त लॉगिन नोड दिसतो, तिथे आपण एसएसएच बसवू. आत कशाला हवं? शिवाय एन्क्रिप्शनला प्रोसेसरचा वेळ लागतो, आणि क्लस्टरवर प्रोसेसरचा वेळ म्हणजे सोनं.

युक्तिवाद चुकीचा नव्हता, पण ओळखीचा होता. दिंडी दरवाजा बदलला, आतल्या खोल्या तशाच राहिल्या.

किल्ली आली, सवय तीच

मूळ एसएसएचचा परवाना हळूहळू कडक होत गेला. यलॅनेननं स्वतःची कंपनी काढली होती. तेव्हा ओपनबीएसडीच्या मंडळींनी शेवटची मोकळ्या परवान्याची आवृत्ती शोधली, स्वीडनच्या ब्यर्न ग्रनवॉल यांनी तिच्यावर सुरू केलेलं काम पुढे नेलं, आणि १ डिसेंबर १९९९ ला ओपनबीएसडी २.६ सोबत ओपनएसएसएच बाहेर पडलं. हा प्रकल्प कॅनडातून चालत होता हेही महत्त्वाचं, कारण अमेरिकेत तेव्हा एन्क्रिप्शनच्या निर्यातीवर निर्बंध होते. सप्टेंबर २००० मध्ये आरएसए या पद्धतीचं अमेरिकेतलं पेटंटही संपलं. आता एसएसएच न वापरायला काही कारण उरलं नाही. लिनक्ससोबत ते आपसूक येऊ लागलं, आणि क्लस्टरच्या आतही आरएसएचची जागा त्यानं घेतली.

आणि इथेच आपल्या तीन ओळींचा जन्म होतो. होम डिरेक्टरी सामायिक आहे ना? मग कुलूप आणि किल्ली दोन्ही तिच्यातच ठेवली की प्रत्येक नोडवर आपोआप दोन्ही हजर. किल्लीला पासफ्रेज घातला तर रात्री दोन वाजता तो टाइप कोण करणार? म्हणून रिकामा. दोन मिनिटांत काम झालं.

पण आता डॉट-आरहोस्ट्सशी तुलना करून पाहा. तिथे यादी होती, चोरून न्यायला काही नव्हतं. इथे खरीखुरी किल्ली एका फाइलमध्ये पडून आहे. जो कोणी त्या फाइलपर्यंत पोचेल, मग तो लॉगिन नोडवर रूट झालेला चोर असो की तुमच्या बॅकअपची डिस्क सापडलेला कोणी, तो तुम्ही होतो. शिवाय तेच कुलूप तुम्ही दुसऱ्या विद्यापीठाच्या क्लस्टरलाही लावलेलं असेल, तर तिथेही तो तुम्हीच. आरएसएचचा विश्वास वाड्यापुरता होता. किल्लीचा विश्वास वाडा ओलांडून गावभर जातो.

शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे

हे नुसतं कागदावरचं भय नव्हतं. २००३ ते २००५ या काळात युरोप-अमेरिकेतल्या संशोधन केंद्रांमध्ये एकामागून एक घुसखोऱ्या झाल्या. स्टाकाटो या नावानं त्या ओळखल्या जातात. स्वीडनमध्ये लिंकोपिंगच्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटर केंद्रातल्या लेफ निक्सन यांनी त्यांचा सविस्तर अहवाल लिहिला. पद्धत साधी होती. चोरलेल्या खात्यानं आत शिरायचं, जुनी त्रुटी वापरून रूट व्हायचं, आणि तिथला एसएसएच प्रोग्राम काढून त्याजागी पासवर्ड टिपून ठेवणारा बसवायचा. मग कोणी तिथून दुसरीकडे लॉगिन केलं की त्या दुसऱ्या ठिकाणाचाही पासवर्ड हातात. २००४ च्या वसंतात अमेरिकेचं टेराग्रिड हे सुपरकॉम्प्युटरांचं जाळंही या साखळीत सापडलं. तपास जाऊन पोचला तो स्वीडनमधल्या उप्साला शहरातल्या एका किशोरवयीन मुलापर्यंत.

यात एन्क्रिप्शन कुठेच फुटलं नव्हतं. एसएसएच आपलं काम चोख करत होतं. तारेवर काही चोरीला गेलं नाही. चोरी झाली ती तारेच्या टोकाला.

आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. आपण जिथे जिथे गेलो त्या यंत्रांची नावं एसएसएच नोन-होस्ट्स या फाइलमध्ये लिहून ठेवतं. घुसखोराला पुढचा पत्ता त्यातूनच मिळतो. १९८८ च्या किड्यानं हेच केलं होतं! म्हणून मार्च २००५ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ४.० मध्ये ही नावं वाचता येणार नाहीत अशा रूपात ठेवायची सोय झाली.

पंधरा वर्षांनी, मे २०२० मध्ये, हीच गोष्ट पुन्हा घडली. कोविडची पहिली लाट, जगभर सुपरकॉम्प्युटरांकडे कामाची रीघ, आणि त्याच आठवड्यात एडिनबराचा आर्चर बंद करावा लागला. पाठोपाठ जर्मनीतलं यूलिश, म्युनिकजवळचं लायब्निझ केंद्र, बाडेन-व्युर्टेंबर्गचे क्लस्टर, मग स्वित्झर्लंडचं राष्ट्रीय केंद्र. हल्लेखोर चोरलेल्या एसएसएच ओळखींवरून एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात उड्या मारत होते. काही ठिकाणी शिरून त्यांनी केलं काय, तर मोनेरो नावाचं आभासी चलन खणायला प्रोसेसर जुंपले. आर्चरच्या सर्व वापरकर्त्यांना कळवण्यात आलं की तुमचे जुने पासवर्ड आणि जुन्या किल्ल्या यापुढे चालणार नाहीत, आणि त्याच किल्ल्या दुसरीकडे वापरत असाल तर तिथेही बदला. हजारो संशोधकांची कामं अडली, त्यातल्या बहुतेकांनी काहीही चूक केलेली नसताना.

तेव्हा "वापरकर्ते निष्काळजी असतात" अशी सोपी टीका झाली. मला ती पटत नाही. पासफ्रेज रिकामा ठेवा असं अनेक ठिकाणी सूचनांच्या पानावरच छापलेलं असतं. गरज खरी होती, ती भागवायला दिलेला मार्ग घातक होता, आणि पर्याय असूनही तो कोणी हातात दिला नव्हता.

पर्याय कोणते?

क्लस्टर बसवणाऱ्यांसाठी पहिला पर्याय गमतीचा आहे, कारण तो डॉट-आरहोस्ट्सचाच सुधारलेला वंशज आहे. त्याला होस्टबेस्ड पद्धत म्हणतात. प्रत्येक नोडची होस्ट की ॲडमिन एका यादीत सर्व नोड्सवर ठेवतो, आणि नोड एकमेकांना त्यावरून ओळखतात. वापरकर्त्याच्या होममध्ये किल्ली ठेवायची गरजच उरत नाही, त्यामुळे चोरायलाही काही नाही. विश्वास पुन्हा वाड्यापुरता झाला, पण आता ओळख पत्त्यावर नाही, होस्ट की वर.

दुसरा, सर्टिफिकेट. ओपनएसएसएचमध्ये ते मार्च २०१० च्या ५.४ आवृत्तीपासून आहेत. केंद्राची एक मुख्य की असते आणि ती नोड्सच्या किल्ल्यांवर सही करते. नोड नव्यानं बसवला की होस्ट की बदलते आणि "यंत्राची ओळख बदलली आहे" असा मोठा इशारा येतो, तो अनुभव अनेकांना असेल. त्याला वैतागून लोक तपासणीच बंद करतात. सर्टिफिकेट असेल तर ती वेळ येत नाही. माणसांच्या किल्ल्यांवरही अशीच मुदतीची सही करता येते. अमेरिकेतलं नर्स्क हे केंद्र दोन टप्प्यांची ओळख पटल्यावर जी किल्ली देतं ती साधारणपणे २४ तास चालते. चोरीला गेली तरी दुसऱ्या दिवशी ती भंगार.

तिसरा, आतल्या खोल्यांना कड्या. स्लर्म वापरणाऱ्या क्लस्टरवर पॅम-स्लर्म-अडॉप्ट नावाचा भाग बसवला की कंप्यूट नोडवर तुमचा जॉब चालू असेल तरच एसएसएच आत घेतं. जॉब संपला की दार बंद. शिवाय आता स्लर्मसारखी व्यवस्था नोड्सवर प्रोग्राम स्वतःच सुरू करू शकते, त्यामुळे एमपीआयला बऱ्याच ठिकाणी एसएसएच लागतच नाही. जिच्यासाठी रिकामा पासफ्रेज जन्माला आला ती गरजच त्या ठिकाणी उरलेली नाही. पान मात्र जुनंच फिरतंय.

तरीही "आता सगळं पक्कं" असं म्हणायची सोय नाही. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं जाहीर केलं की एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीच्या दोन नव्या आवृत्त्यांत चोरदार दडवलेलं आहे, आणि त्याचा नेम काही लिनक्स प्रणालींवरच्या एसएसएच सर्व्हरवर आहे. त्याला संशय आला तो एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून. या वेळी विश्वास ठेवला होता तो पत्त्यावर नाही, किल्लीवर नाही, तर कुलूप बनवणाऱ्याच्या लोखंडावर.

मग आपण काय करायचं?

२६ सप्टेंबर २०२४ ला देशात परम रुद्र मालिकेतले तीन सुपरकॉम्प्युटर राष्ट्राला अर्पण झाले, त्यातला एक पुण्यात जीएमआरटीसाठी आहे. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनची यंत्रं अनेक संस्थांत आहेत. म्हणजे मराठी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जणांच्या होम डिरेक्टरीत आज एखादी किल्ली असणार. ॲडमिन नसलात तरी चार गोष्टी तुमच्या हातात आहेत.

क्लस्टरच्या आत फिरायची किल्ली आणि बाहेरून क्लस्टरवर यायची किल्ली वेगळी ठेवा. आतलीला पासफ्रेज नसेलच, तर ती त्याच क्लस्टरपुरती राहू द्या. दुसऱ्या कुठल्याही यंत्राला तिचं कुलूप लावू नका. बाहेरून यायची प्रायव्हेट की तुमच्या लॅपटॉपवरच राहू द्या, तिला पासफ्रेज घाला, आणि रोज टाइप करायचा कंटाळा येत असेल तर एसएसएच-एजंट वापरा. लॉगिन नोडमार्गे पुढे जायचं असेल तर एजंट फॉरवर्ड करण्याऐवजी प्रॉक्सीजंप वापरा, म्हणजे मधल्या यंत्रावरच्या रूटला तुमची किल्ली वापरायची संधी मिळत नाही. आणि ऑथराइज्ड-कीज ही फाइल आज एकदा उघडून वाचा. तिच्यातल्या प्रत्येक ओळीची किल्ली कुठे आहे हे सांगता आलं नाही, तर ती ओळ काढून टाका.

ॲडमिनला विचारायचा प्रश्न एकच: "आपल्याकडे रिकाम्या पासफ्रेजची गरज अजून आहे का?" स्लर्म असेल तर उत्तर बहुधा "नाही" असं येईल. तसं आलं, तर सूचनांच्या पानावरची दुसरी ओळ खोडायची विनंती त्याच ईमेलमध्ये करा.